बरडावरचा गाळ

मुलांनो,

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, गेल्या महिन्यात गेली, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. तेरावं झालं त्या दुपारी तिचा मुलगा, तुमचा काका, अंगणात बसून म्हणाला की येत्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ ट्रॅक्टरने आणून बरडाच्या उरलेल्या पट्ट्यावर टाकायचा आणि तिथे केळी लावायची. मी नको म्हणाले. तो अदबीनेच म्हणाला, "काकू, तिथे दगडाशिवाय आहे काय?" उत्तर माझ्याजवळ होतं. पण त्याच्या सासरची माणसं समोर बसली होती, आणि ही हकीकत व्याह्यांसमोर सांगण्यासारखी नाही. इतक्या वर्षांनीही नाही. त्या पट्ट्यात तुमचाही हिस्सा आहे. तो तुम्हाला विचारील, त्याआधी तुम्ही हे वाचलेलं बरं. त्यालाही याचीच एक प्रत देणार आहे.

आधी जमीन सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. तापीच्या बाजूला काळी माती आहे, पुरुषभर खोल. तिथून उत्तरेला सातपुड्याकडे चालत निघालं की माती पातळ होत जाते. आमच्या गावाजवळ ती जवळजवळ संपते. वर वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, मध्ये मध्ये धोंडे. याला बरड म्हणतात. नाल्याच्या काठी जिथे थोडी माती साठते तिथे साग, चढावर उघड्या खडकाच्या फटींत अंजन आणि सालई, आणि मधल्या उताराला नुसतं गवत. आमचं शेत त्या मधल्या उतारावर होतं. वरच्या टोकाला अंजनाची काही झाडं होती.

मी जळगावची. वडील शाळामास्तर. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घालून मॅट्रिकपर्यंत शिकवलं. लग्न ठरवताना त्यांनी मुलाचं शिक्षण पाहिलं, जमीन पाहिलीच नाही. मला भूगोलात सुपीक आणि नापीक हे दोन शब्द चांगले पाठ होते. सासरी आल्यावर पहिल्यांदा शेतावर गेले तेव्हा दुसरा शब्द आठवला आणि मान खाली गेली. माहेरी गेले की मी शेताचं नाव काढत नसे. तरी बहिणीला कुठून तरी कळलंच.

"काय गं, तुमच्याकडे पेरतात तरी काय? खडी?"

मी सगळ्यांबरोबर हसले. परतीच्या गाडीत मात्र गावापर्यंत पदर तोंडावरून काढला नाही.

त्या बरडात खरं तर पुष्कळ काही उगवत असे. गवतांत कुसळी, पवन्या, आणि चुरगळली की हाताला दिवसभर वास राहणारी तिखाडी. पावसाळ्यात केना, कुरडू, घोळ, करटोलीचे वेल, शतावरीचे कोंब, आणि महिनाभर जगून मरणारी बारीक निळी-पिवळी फुलं, ज्यांना कोणी नावही दिलं नव्हतं. माझ्या सासूबाई त्यातलं निम्मं शिजवत आणि उरलेलं गुरांना घालत. पण ज्वारी तिथे गुडघ्याच्या वर जात नव्हती, आणि गावात जमिनीची किंमत ज्वारीच्या उंचीवर ठरते. मीही तसंच समजत होते.

धाकट्या दिरांचं लग्न अडलं ते यामुळे. आमच्याकडे मुलीची माणसं घर बघतात, मुलगा बघतात, आणि मग शेतावर जातात. त्यांच्यातला वडीलधारा माणूस मूठभर माती उचलतो, तांब्यातलं पाणी शिंपडून तळहातांत वळतो. काळी असेल तर लाडवासारखा गोळा होतो. दिरांसाठी पहिली माणसं आली तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्याने आमची माती वळायला घेतली आणि ती बोटांच्या फटींतून पडली. त्याने धोतराला हात पुसले आणि बैल जुंपायला सांगितलं. मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते तसंच चुलीवरून उतरवलं. दुसऱ्या स्थळाची माणसं तर बांधावरूनच वळली. त्यांच्यातल्या एकाचं बोलणं साऱ्यांना ऐकू आलं, "बरडमा पोर कोन दी?"

दीर चांगले, कष्टाळू, वय वाढत चाललेले. त्यांनी जेवायला सगळ्यांबरोबर बसणं सोडलं. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसत. मग सावद्याकडचं, केळीच्या बागा असलेलं, एक स्थळ सांगून आलं आणि आबा उठले.

उन्हाळ्यात गावाचं तळं आटलं होतं. आबांनी दोन्ही गाड्या जुंपल्या, आणखी मागून आणल्या, आणि तळ्याच्या तळाचा काळा गाळ वाहायला सुरुवात केली. पिकासाठी गाळ टाकणारे लोक असतात, ते दरवर्षी थोडा थोडा टाकतात आणि नांगरतात. आबांना पीक नको होतं, रंग हवा होता. रस्त्याच्या बाजूने सुरू करून साऱ्या उतारावर वीतभर जाडीचा थर पसरला. गावातली माणसं जाता-येता थांबत.

"आबा, शेतले काजळ लावी ऱ्हायनात का?"

आबा वर न पाहता म्हणत, "नजर लागी म्हनीसन लावस."

लोक हसत. आबाही हसत. घरी आले की न जेवताच आडवे होत. सासूबाई एकदाच म्हणाल्या की सगळं गवत दडपून जाईल. आबा म्हणाले, "पोऱ्यानं लगीन मोठं का गवत मोठं?" खरं सांगायचं तर शेत काळं दिसायला लागलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

वरच्या टोकाला धोंड्यांत एका गाडीचं चाक मोडलं, म्हणून अंजनांखालचा पट्टा तेवढा राहिला.

सावद्याची माणसं आली. मुलीचे वडील, त्यांना नाना म्हणत, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी रस्त्याकडच्या बांधाशीच वाकून माती घेतली, पाणी शिंपडलं, वळली. सुंदर गोळा झाला. त्यांनी तो आबांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ठरलं." आबांनी तो गोळा कुठे ठेवावा हे न कळून बराच वेळ हातातच धरला होता. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

पावसाच्या तोंडावर लग्न झालं. आषाढात नाना आले ते गाडीभर केळीचे मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, घेऊन. मुलीला आंदण म्हणून तिच्या सासरच्या शेतात स्वतःच्या हाताने बाग लावून द्यायची, अशी त्यांची हौस. आबा म्हणाले, आज थकला असाल, उद्या बघू. दीर म्हणाले, पाऊस येईल. नाना पहार घेऊन निघालेसुद्धा. आम्ही बायका भाकरी घेऊन मागून गेलो.

पहिल्याच घावाला पहार खण्ण वाजली. त्यांना वाटलं धोंडा लागला. चार पावलं सरकून पुन्हा मारली, पुन्हा तोच आवाज. मग ते खाली बसले आणि हाताने माती बाजूला केली. वर काळा थर, खाली तांबूस मुरमाड माती, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. सगळ्यांनी पाहिली.

नाना म्हणाले, "आबा, ही माती इथली नाही."

आबा म्हणाले, "तळ्यानी शे."

"मग मी पोरगी तळ्याला दिली म्हणायची."

आबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मी त्यांना उघड्या डोक्याने बाहेर कधी पाहिलं नव्हतं. नानांनी उकरलेला खड्डा पायाने बुजवला, आणि आमच्यात डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी उभी आहे. येतेस?"

ती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिने आधी दिरांकडे पाहिलं. ते ढेकळासारखे उभे होते. मग म्हणाली, "ऋषिपंचमीपर्यंत राहते. मग सांगते."

नाना जेवायला थांबले नाहीत. मुनव्यांनी भरलेली गाडी भर दुपारी गावातून परत गेली. केळीचे कोंब गाडीच्या बाहेर डोलत होते. ज्याला काही माहीत नव्हतं त्यालाही त्या दिवशी कळलं. पाणवठ्यावर मी गेले की बायका बोलायच्या थांबत. कोणी टाकून बोललं असतं तर सोपं गेलं असतं. घरात आम्ही एकमेकांशी मिठापाण्याइतकंच बोलत होतो, आणि त्या मुलीशी बोलताना तर नजर वर होत नव्हती. ती मात्र सगळी कामं नेहमीसारखी करत होती. त्याने आम्ही आणखीच मेल्याहून मेल्यासारखे झालो.

श्रावण सरला. गाळ टाकलेल्या शेतात हिरवं कंबरेएवढं वाढलं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय बहर आहे! जवळ गेलं की तरोटा, लव्हाळा आणि हरळी. पुन्हा तरोटा, लव्हाळा आणि हरळी. इकडच्या बांधापासून तिकडच्या बांधापर्यंत चौथं काही नाही.

आता ऋषिपंचमीचं सांगते, कारण तुमच्याकडे ती कोणी करत नसेल. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगराविना जे आपोआप उगवतं त्याचीच भाजी करायची, आणि जितके प्रकार मिळतील तितके एकत्र शिजवायचे. सासूबाई दरवर्षी बरडावर जात आणि पदर भरून आणत. त्या वर्षी त्या गेल्या आणि नुसता तरोटा घेऊन आल्या. तो सुपात टाकून भिंतीला टेकून बसल्या. दुसऱ्याच्या बरडात मागायला जायचं तर कोणत्या तोंडाने? आपलं असलेलं आपणच पुरलं होतं.

माझी जाऊ सूप रिकामं करून घेऊन गेली. पाऊस लागला होता. बऱ्याच वेळाने परत आली ती चिंब भिजून. अंजनांखालच्या पट्ट्यात गेली होती. सुपात केना होता, कुरडू होता, घोळ, करटोली, शतावरीचे कोंब, आणखी चार-दोन पानं जी तिला ओळखू येत नव्हती. वरून तिखाडीची एक जुडी, नुसती वासासाठी. तिने सूप सासूबाईंपुढे ठेवलं.

"हे सगळं तिथलंच?" मी विचारलं.

"हो ना! एवढ्याशा जागेत. आमच्याकडे काळीत बांधावरसुद्धा इतकं नसतं. पंचमीला आई बाजारातून विकत आणते." मग सासूबाईंना म्हणाली, "यातलं विषारी काही नाही ना? नाहीतर नानांना न सांगताच मी जायची."

सासूबाई हसल्या. आषाढानंतर त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. एकेक पान उचलून त्या नाव सांगू लागल्या.

जेवणं झाल्यावर जावेने निरोप दिला. नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. आबा ओट्यावर बसले होते आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ती सासूबाईंना म्हणाली, "आबांना सांगा, मी राहते. पण त्या अंजनांखाली गाळाची गाडी न्यायची नाही. आणि पुन्हा कोणाला दाखवण्यासाठी माती आणायची नाही."

आबा बाहेरूनच म्हणाले, "बरं, व माय." नंतर ते गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

पुढे मी इंग्रजी पुस्तकांतून या गोष्टीचं कारण शोधलं. थोडक्यात ते असं. भरपूर माती मिळाली की दोन-तीन दांडगी झाडं तिचा फायदा घेतात, उंच होतात आणि बाकीच्यांचं ऊन अडवतात. पातळ, कोरड्या जमिनीत कोणालाच इतकं बळ येत नाही. मग एक खोल फटीत मूळ घालतं, एक कंदात पाणी साठवतं, एक महिनाभरात जगणं उरकून बी टाकतं, आणि सगळी शेजारी शेजारी राहतात. मला हे पुस्तकात वाचून पटलं, कारण मी ते सुपात पाहिलं होतं. पण वाचताना बरं वाटलं नाही. ज्याची लाज वाटून आम्ही ते झाकलं होतं ते झाकण्यासारखं नव्हतं, आणि जे केलं ते मात्र आजही झाकावंसं वाटतं.

त्या गाळात काही वर्षं बरी ज्वारी आली. मग पावसाने थर वाहून जाऊ लागला आणि जागोजाग मुरूम उघडा पडला. पण खालचा बरड मोकळा झाला म्हणून जुनं गवत काही परत आलं नाही. हरळी आणि तरोटा आहे तो आहेच. नाना पहिल्या नातवाच्या बारशाला आले आणि पुढेही येत राहिले. चांगलं बोलत. मात्र ओट्यावर बसताना नेहमी शेताकडे पाठ करून बसत. आबा असेपर्यंत त्यांना कोणी त्या बाजूला बसा म्हणालं नाही.

जावेने तो शब्द आम्हा सगळ्यांकडून जन्मभर पाळून घेतला. तुमच्या काकाला तो माहीत नाही, कारण सांगायचा तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि आपल्या मुलाला त्याच्या आजोबांबद्दल हे सांगायचं तिच्या जिवावर आलं.

परवा ऋषिपंचमीला मी काठी टेकत वर जाऊन आले. अंजनं उभी आहेत, एक वाळलं आहे. त्यांच्या खाली कुसळी, पवन्या आणि तिखाडी आहे. केना, कुरडू, घोळ आणि करटोली मिळाली. शतावरी एका धोंड्याच्या आडोशाला आहे. त्या पट्ट्यावर अजून गाळ पडलेला नाही.