बिनविजेचं चाक

शहागंजच्या मागच्या गल्लीत सुलेखाची पिठाची गिरणी आहे, आणि सुलेखाचा स्वभाव कसा म्हणून विचाराल तर गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, लई शंकेखोर बाई! नारळ कानाशी धरून हलवील, खाली ठेवील, पुन्हा उचलून हलवील. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून आधी बोटाकडं बघेल, मग दूधवाल्याकडं. समोरच्या जाहेदानं ईदेला शिरखुर्मा पाठवला, तर ही वाटी परत द्यायला गेली ती "यंदा बदाम कमी कसे?" असं विचारूनच आली. जाहेदा पोट धरून हसली. "भाभी, तुम तो जन्नत का दरवाजा भी ठोक के देखेंगे," म्हणाली. त्यावर सुलेखा अगदी गंभीरपणे म्हणाली, "मग? बघायला नको?"

पण त्यात तिचा एकटीचा दोष नाय हो. गिरणीवाल्यावर तर सगळं जगच संशय घेतं. बाया डबा ठेवतात आणि तिथंच ठाण मांडतात. माझं पीठ कमी भरलं, माझ्या गव्हात कुणाची ज्वारी मिसळली, हे रोजचंच. सुलेखा त्यावर कधी चिडली नाय. उलट स्टूल पुढं सरकवायची, "बसा मावशी, डोळ्यांदेखत दळते." इतकी वर्षं हे करून एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती. ज्याचं काम सरळ असतं, त्याला कुणी बघितल्यानं काय फरक पडतो? जो "बाहेर थांबा" म्हणतो, त्याच्याकडं ती दोनदा वळून बघायची.

आणि विश्वजीत सर तर आल्या दिवसापासून "बाहेर थांबा"च म्हणत होते.

हे सर दिवाळीनंतर आले. आणले कुणी, तर सुलेखाच्या नवऱ्यानं, अभयनं. अभय एमआयडीसीत सुपरवायझर होता. कंपनीनं घरी बसवलं, तेव्हापासून बापाच्या गिरणीत पीठ अंगावर घेणं त्याच्या जिवावर यायचं. त्याला काहीतरी मोठं करायचं होतं. सरांनी त्याला मोठंच दाखवलं. गिरणीमागच्या खोलीत परातीएवढं तांब्याचं चाक उभं राहिलं, खाली कुलपाची लाकडी पेटी, भोवती कुंकवाच्या रेघा, चार कोपऱ्यांना लिंबू आणि बिब्बे. चाक फिरायचं, वर टांगलेले दिवे लागायचे. वीज नाय, डिझेल नाय, ऊन नाय. सर म्हणायचे, दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत ध्यानाला बसलो होतो, तिथं कुणा सिद्धपुरुषाचा आवाज आला आणि त्यानं हे चाक मापासकट सांगितलं. विश्वात शक्ती ठासून भरलीय, माणसानं फक्त तोंड उघडायचं.

एका पेपरानं सरांचा फोटो छापला. दुसऱ्यानं लिहिलं, हा भोंदू आहे. विज्ञानवाल्या काही मंडळींनी येऊन सांगितलं, आमची मीटरं लावू द्या, पेटी उघडा. सर हसले. "तुमच्या मीटरात शंका भरलेली आहे. शंका आली की शक्ती जाते." झालं! गल्लीत या वाक्याला फार मान मिळाला, आणि ते बोलताना जो तो सुलेखाकडं बघायला लागला.

इथवर सगळं तिनं सोसलं असतं. असतात नवऱ्याला नाद, कुणाला पत्त्यांचा, कुणाला चाकाचा. पण मग सरांनी प्रेरणाला बोलावलं.

प्रेरणा तिची एकुलती एक पोर, बारावीला. सरांचं म्हणणं असं की चाकाला नुसती शक्ती पुरत नाय, कुमारिकेचा श्वास लागतो. सकाळ-संध्याकाळ तिनं चाकामागं पडद्याआड बसायचं, डोळे मिटून श्वास सोडायचा. कुणाच्या नजरेस पडायचं नाय. अन्न वर्ज्य, दिवसातून एकदा दूध आणि केळं. आता या वयाच्या पोरीला कुणी सांगितलं की तुझ्या श्वासावर दिवे लागतात, तर तिला काय वाटेल? पोर खुळावली. क्लास सुटला, मैत्रिणी सुटल्या. गालांची हाडं वर आली. एकदा जिन्यात भोवळ येऊन पडली, तर अभय म्हणाला, "शक्ती वाहतीय तिच्यातून. सर म्हणले होते, असं व्हतं."

"शक्ती नाय, भूक आहे ती!" सुलेखा ओरडली. "ताटात भाकरी वाढा, बघा कशी टुणटुणीत होते ते."

"आई, तू बोलूच नको," प्रेरणा पडल्या पडल्या म्हणाली. "तू खोलीत आलीस की चाक मंदावतं. मी स्वतः बघितलंय."

सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं. सुलेखानं उंबऱ्यात पाय ठेवला की चाक खरंच मंदावायचं, दिवे पिवळे पडायचे. सर नुसते मान हलवायचे. तिनं दुपारी सर वर माडीवर झोपलेले असताना खोली झाडायच्या निमित्तानं भिंती चाचपल्या, फरशीवर हात फिरवला, कुठं वायर नाय, काही नाय. फरशी तर अभयनं स्वतःच्या हातानं बसवलेली, गुळगुळीत. रात्री अंथरुणावर पडून ती विचार करायची, खरंच माझ्यातच काही वाईट असेल का? माझ्या नजरेनं पोरीचा श्वास अडत असेल का? जिनं आजवर सगळ्या जगावर शंका घेतली, ती आता स्वतःवर घ्यायला लागली. तिनं जाहेदाला बोलून दाखवलं, तेव्हा जाहेदा हसली नाय. "पोरगी दिन-ब-दिन घटत चाललीय, भाभी. चाक जाऊ द्या चुलीत," एवढंच म्हणाली.

आणि खंडेनवमी आली.

सरांनी तोच दिवस धरला होता. शस्त्राचा, यंत्राचा दिवस, यापरता मुहूर्त कुठला? कन्नड गावचे तात्यासाहेब, मोठी शेतीवाडी, दोन पेट्रोलपंप, ते संध्याकाळी चाक बघायला येणार होते आणि पसंत पडलं तर कारखानाच काढणार होते. अभय पहाटेच त्यांना आणायला कन्नडला गेला. सर खोलीचं दार लावून मंत्र म्हणत बसले.

आता सरांना बाहेरगावची खंडेनवमी माहीत असेल. तिथं मशीनला हळदकुंकू लावतात, फूल वाहतात, झालं. या घरात आप्पासाहेबांची, म्हणजे सुलेखाच्या सासऱ्यांची, रीत वेगळी होती. यंत्र वर्षभर राबतं, त्याला एक दिवस निखळ विसावा. सकाळी गिरणीचा मेन स्विच खाली ओढायचा, दांड्याला झेंडूची माळ बांधायची, ती दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हलवायची नाय. घराचं मीटर वेगळं, त्यामुळं घरात दिवे असायचे. सुलेखानं गिरणीचे दगड पुसले, पट्ट्याला कुंकू लावलं, मेन खाली ओढला, माळ बांधली, हात जोडले. आप्पासाहेबांनंतर तिनं हे एकही वर्ष चुकवलं नव्हतं. अभयला कन्नडच्या गडबडीत ते आठवलंच नाय.

संध्याकाळी गाडी आली. तात्यासाहेब फेटा सावरत मागच्या खोलीत गेले. प्रेरणा आधीच पडद्याआड बसली होती. सुलेखा गिरणीत पायरीवर बसून आपट्याची पानं निवडत होती. तिला खोलीकडं फिरकायचीसुद्धा मनाई होती. आतून मंत्र ऐकू आले, मग चाकाची घरघर आली. थोड्या वेळानं घरघर बारीक झाली. मग नाहीशीच झाली. मंत्र मात्र जोरात वाढले.

सुलेखाच्या मनात आलं, मी तर गेलेच नाय तिकडं, आता माझं नाव कसं घेतील?

पडद्यामागच्या दारातून प्रेरणा गुपचूप गिरणीत आली. पांढरी फटक, ओठ सुकलेले, हुंदके दाबत. "आई, थांबलं गं चाक. माझं मन एकदा भाकरीकडं गेलं... एकदाच गेलं, शपथ!"

सुलेखा तिला पोटाशी धरणार, तेवढ्यात अभय धावत आला. त्याच्या पावलांच्या आवाजानं पोर कोपऱ्यात पोत्यांमागं सरकली, ती त्याला दिसलीच नाय. तो सरळ मेनपाशी गेला, माळ बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, काय केलंस हे! वर कर तो मेन, लवकर. दहा मिनिटं. पेटीतली बॅटरी सकाळपासनं चार्ज झाली नाय, उतरलीय, तात्यासाहेब उठायला लागलेत."

सुलेखा नवऱ्याकडं बघत राहिली. दूधवाला, नारळवाला, जाहेदा, सर, शेवटी ती स्वतः. एवढ्या सगळ्यांवर तिनं शंका घेतली होती. या एका माणसावर मात्र तिनं ती कधीच घेतली नव्हती. पोरीचा बाप म्हणून.

"बिनविजेच्या चाकाला मेन कशाला लागतो ओ?" ती हळूच म्हणाली.

"आता वाद घालू नको! सर म्हणतात, सुरुवातीला थोडी वीज लागतेच. दह्याला विरजण लागतं का नाय? एकदा शक्ती लागली की वायर काढूनच टाकायची आहे. फरशीखाली मीच टाकलीय ना, मीच काढीन."

"आणि मी आले की मंदावायचं, ते?"

"सरांच्या पायाखाली खटका आहे. तू लोकांना बिथरवत होतीस म्हणून..." बोलता बोलता त्याची नजर पोत्यांकडं गेली आणि तो थांबला.

प्रेरणा पुढं आली. रडत नव्हती आता. तिनं बापाकडं बघितलं नाय, आईकडंही नाय. मेनपाशी गेली, झेंडूची माळ सोडली आणि दांड्याला हात घातला. हातात जोर नव्हता, दोन्ही हातांनी ढकलावा लागला. सुलेखाच्या तोंडाशी आलं होतं, अगं, आज नाय हलवायचा.

खट्.

मागच्या खोलीत चाक घरघरलं. आधी हळू, मग जोरात. दारातून उजेड अंगणात पडला आणि पाठोपाठ सरांचा आवाज आला, भरून आलेला, थरथरता:

"आली! तात्यासाहेब, आली शक्ती! पडद्याआड बघू नका, कुमारिकेनं प्राण ओतलाय!"

सुलेखाला वाटलं, आपली शंका खोटी ठरली असती तर फार बरं झालं असतं. देवा, या एका वेळेला तरी मला खोटं पाडायचं होतंस.

प्रेरणाचा हात अजून दांड्यावरच होता. ती बापाकडं वळली.

"पप्पा," ती म्हणाली, "मी तर इथंय."