तेलातली चाचणी

डॉ. सुमती वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट प्रयोगशाळेत झाली नाही. ती जयपूरच्या मानसरोवर भागातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. माझे वडील मूळचे साताऱ्याचे, विमा कंपनीतल्या नोकरीमुळे बदलीवर जयपूरला आलेले. मुलीला पीएच.डी.साठी मार्गदर्शक हवा म्हणून ते मला त्यांच्याकडे घेऊन गेले. मॅडमनी सकाळचे पोहे मायक्रोवेव्हमध्ये गरम करून पुढे ठेवले. कडेला चटका बसत होता आणि मध्ये गारढोण होते. मी निमूटपणे खात राहिले.

"मधून गार आहेत न?" मॅडमनी अस्सल नागपुरी सुरात विचारले.

"नाही, मतलब... छान आहेत."

"ढवळायचे राहिले माझे. पण तू सांगत काऊन नाही?"

वडील ओशाळले. मॅडमनी ताटली परत आत नेली, पोहे ढवळून पुन्हा गरम केले आणि मला सोमवारपासून यायला सांगितले.

मॅडमचे सारे आयुष्य धातूंच्या कार्बीन संयुगांत गेले. कार्बीन म्हणजे काय, हे त्या नव्या विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगत: हा असा कार्बन, की एकटा राहिला तर क्षणात कुणाशीही भांडतो, पण पॅलॅडियम धातूने हात धरला की वर्षानुवर्षे बाटलीत शहाण्यासारखा बसतो. ही संयुगे बनवायला पूर्वी अख्खा दिवस तापवावे लागे. मॅडमनी आमच्या महाविद्यालयात त्यासाठी मायक्रोवेव्ह यंत्र आणवले आणि दिवसाचे काम मिनिटांवर आणले. विभागप्रमुख झाल्यावरही आपली काचेची भांडी त्या स्वतःच धूत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीचे प्रत्येक पान वाचून त्याखाली सही करत. सही नसलेले पान म्हणजे न झालेला प्रयोग, असा आमच्याकडे नियमच होता.

आता मी जे लिहिणार आहे ते मॅडमच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, मला ठाऊक नाही. पण ते वगळून मॅडमबद्दल लिहिणे मला जमणार नाही.

माझे एक पॅलॅडियम संयुग जुन्या पद्धतीने सोळा तास घेत असे. मायक्रोवेव्हमध्ये, बंद नळीत, ते बारा मिनिटांत झाले. मी हरखून गेले. मायक्रोवेव्ह नुसती उष्णता देत नाही, आणखी काही जादू करते, असा दावा करणारा शोधनिबंध मी लिहून काढला. परदेशातल्या एका जागेसाठी माझी मुलाखत ठरली होती आणि तिथले माझे भाषण याच दाव्यावर उभे होते. मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच विचारले, "मायक्रोवेव्हशिवाय, बंद नळी तेवढ्याच गरम साध्या तेलात बुडवून पाहिली का?"

प्रश्न रास्त होता. माझी जुनी पद्धत उघड्या भांड्यातली, कमी तापमानाची. कुकरमधली डाळ लवकर शिजली म्हणून शेगडीचे कौतुक करावे, तसले माझे गणित होते.

एका शनिवारी दुपारी, सगळे गेल्यावर, मी तो प्रयोग केला. तेल, बंद नळी, बारा मिनिटे. तेच संयुग, तीच पिवळी पूड, तेवढीच. मी नळी धुतली, तेल झाकून ठेवले आणि वहीत एक अक्षर लिहिले नाही. सोमवारी मॅडमना म्हणाले, "करून पाहिलं. काहीच बनलं नाही."

"वहीत कुठे आहे?"

"लिहायचं राहिलं."

मॅडमनी वहीचे पुढचे पान उघडून वर पेन्सिलीने प्रयोगाचा क्रमांक घातला. "हे पान कोरं ठेव. लिहावंसं वाटेल तेव्हा लिहिशील."

त्याच दुपारी त्यांनी ॲप्रन चढवला, स्वतः तेल तापवले आणि मला शेजारी उभे केले. बारा मिनिटांनी पिवळी पूड समोर होती. विभागाच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "आम्ही दोघींनी तेलात करून पाहिलं. फरक नाही. दावा मागे घेतला."

निबंध साधासुधा होऊन छापला गेला. परदेशची जागा मला मिळाली नाही. मी मनातून धुमसत होते. मॅडमनी माझे नुकसान केले, असे मला खरोखर वाटत होते. त्यातच वडिलांची पुन्हा बदली झाली आणि वसतिगृहात जागा मिळेना. मॅडमनी एवढेच विचारले, "घरी येऊन राहत काऊन नाही?" प्रबंध पुरा होईपर्यंत सात महिने मी त्यांच्या घरी राहिले. जिला खोटे सांगितले, तिच्याच हातचे जेवले. पोहे त्या आता न चुकता मध्ये थांबवून ढवळत. त्या शनिवारचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही, नंतरही नाही.

आज मी जयपूरच्याच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका औषध कारखान्यात तपासणीचे अहवाल पाहते. जुने सहकारी भेटले की म्हणतात, "स्वतःचाच दावा स्वतः खोडून काढणारी तूच ना?" इतकी वर्षे मी नुसती हसत आले. त्या "दोघींनी" या एका शब्दाने मॅडमनी मला झाकले होते आणि मी त्या पांघरुणाखाली सुखाने राहिले. याची मला लाज वाटते.

मॅडमना पंचाहत्तरावे वर्ष लागत आहे म्हणून मी ती वही शोधून काढली. पेन्सिलीचा क्रमांक अजून वाचता येतो. त्याखाली मी लिहिले आहे: "शनिवार, दुपार. तेल, बंद नळी, बारा मिनिटे. संयुग बनले. मी मॅडमना 'बनले नाही' असे सांगितले."

मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आपले हातपाय आणि डोळे असेच धडधाकट राहोत. यात माझा थोडा स्वार्थही आहे. सत्काराच्या दिवशी ती वही घेऊन मी येणार आहे. त्या पानावर आपली सही अजून व्हायची आहे.