जाळीपलीकडचं ‘ये’

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या मित्राने फसवलं. भांडण मिटवू म्हणून मळ्यावर बोलावलं आणि जिवंत परत येऊ दिलं नाही. मित्राला फाशीची शिक्षा झाली. दयेचा अर्ज पडून आहे आणि तो तुरुंगात आहे.

त्या तुरुंगासमोरच्या दुकानांना मी केळी पुरवतो. सोमवारी त्या मित्राची आई भेट उरकून बाकावर बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, “एवढ्या वेळात काय बोलता हो?”

“काय बोलणार? तो म्हणतो, गुडघा कसाय. मी म्हणते, आहे तिथंच आहे. निघताना जाळीतून म्हणते, येते रे. तो म्हणतो, ये.”

दोघी हसल्या. मी हातातला घड काट्यावर आपटला.

निघणाऱ्याने ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं, एवढीच आपली रीत. हातगाडीपासून गोदामापर्यंत मी सगळं घासाघीस करून मिळवलं. पण फासावर जाणाऱ्याला दर भेटीत एक ‘येते’ फुकट मिळतं, याचा मला हेवा वाटतो. फाशी लांबल्याचा राग त्यानंतरचा.

मळ्यावर निघाला त्या सकाळी भाऊ दारातून म्हणाला होता, “येतो, दादा.” मी एका व्यापाऱ्याशी दरावरून हुज्जत घालत होतो. मान वर केली नाही.

ते ‘ये’ अजून माझ्या तोंडातच आहे. दया की दोर, ते सरकारने ठरवावं. पण हे ‘ये’ आता मी कुणाला म्हणू, याचं उत्तर त्या मित्राने जाळीपाशी उभं राहून मला द्यावं.