थांबलेले हात
सुक्या कांद्याचा उग्र वास आला की मला शिरूरची वादविवाद स्पर्धा आठवते. त्याच्या आदल्या वर्षी मी तिथं सपशेल आपटले होते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दुपारी निमोण्यात आमच्या कांदाचाळीसमोर पालथ्या क्रेटवर उभी राहून मी भाषण ठणकावत होते: घरकामाला पगार मिळालाच पाहिजे! समोर आई, मामी आणि शेजारच्या बायका कांदे निवडत होत्या. मोठा कांदा इकडं, बारका तिकडं. टरफलं वाऱ्यावर उडत होती, पण माझ्या जाडजूड शब्दांनी कुणी मान वर करेना. रडकुंडीला येऊन मी कागद खिशात कोंबला आणि विचारलं, ‘‘मामी, तुला शेवटची सुट्टी कवा मिळाली गं?’’ मामीचा हात कांद्यासकट तसाच थांबला. ‘‘सुट्टी? बाळंतपणात बी न्हाई मिळाली, बाई!’’ बायका खदाखदा हसल्या, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कांद्याला कुणी हात लावेना. ‘‘तुझं भाषण बंद कर आधी,’’ आई ओरडली, ‘‘न्हाईतर कांदं काय आज निवडून व्हत न्हाईत!’’ दुसऱ्या दिवशी शिरूरला मी त्याच प्रश्नानं सुरुवात केली आणि परीक्षकबाईंच्या पेनाकडे बघत राहिले. पेन थांबलं. आजही बोलायला उभी राहिले की मी समोरच्यांच्या मोबाइलवरचे अंगठे बघते, आणि ते थांबले की मनात म्हणते, आई, आजपण कांदे निवडायचे राहिले बघ!