शिशातल्या दोन ओळी

"कॉन्व्हेंटवाली आहे ना थे? मंग इथं काऊन आली असन?"

मागच्या पेटीपाशी दोघी कुजबुजत होत्या. ऐकूच आलं नाही असं दाखवत मी बोटांतला खिळा उजेडाकडे धरला. शिशाचा लांबट तुकडा, टोकावर उलटा 'द'.

गोंदियातल्या एका बंद पडलेल्या छापखान्यात तीन दिवसांचं शिबिर होतं. शिकवणारे काका तिथलेच, खिळे लावून मजकूर जुळवणारे जुने जुळारी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "दोन ओळी आपल्या मनानं जुळवा. प्रूफ निघालं का मोठ्यानं वाचा. जो वाचून दाखवन, त्याच्याच ओळी मशीनवर छापू. नाहीतर खिळे वापस पेटीत."

मोठ्यानं. मराठी मी अजूनही अक्षर-अक्षर लावत वाचते. लहानपणी मावशीकडे मला लग्नपत्रिका वाचायला लावली होती. भावंडांचं तेव्हाचं हसू कानातून गेलेलं नाही.

पण जुळवताना वेगळंच झालं. भराभर वाचणाऱ्यांचे डोळे पुढे पळायचे, बोटं मागे राहायची. मला एका वेळी एकच अक्षर दिसत होतं. अक्षर, मग त्याचा काना, मग पुढचं. शाई आणि रॉकेलच्या वासात दुपार पातळ होत गेली. पेटीचे खण धानाच्या बांध्यांसारखे, चौकोनी शेतांसारखे दिसू लागले, आणि त्यांतून मी अनवाणी, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखी चालले होते. भानावर आले तेव्हा माझ्या ओळी सगळ्यांच्या आधी पुऱ्या झाल्या होत्या.

काकांनी प्रूफ काढून कागद माझ्या हातात दिला. "वाच बेटा."

पहिल्या अक्षरावरच मी अडले. सगळे बघत होते.

"मी वाचून देऊ काय?" मघाशी कुजबुजणाऱ्या दोघींतली एक पुढे आली. आवाजात आता टोमणा नव्हता. मी कागद पुढे केलासुद्धा. शाई ओली होती, तरी तिनं बोट माझ्या पहिल्या शब्दावर टेकवलं. घरी कुणालाही न सांगितलेलं काहीतरी आता तिच्या तोंडून बाहेर पडणार, हे मला एकदम नकोसं झालं. मी कागद परत ओढला आणि अडखळत, एकेक अक्षर लावत वाचलं,

"दरेकशाला गाडी थांबते. कोणी चढत नाही, पण जंगल येऊन माझ्या बाजूला बसतं."