कामठ्याचं तिकीट

थांबा आला की बाकीचे कंडक्टर नुसती घंटी वाजवायचे. मेश्रामकाका गावाचं नाव पुकारायचे. पुकारायची काही गरज नव्हती, आणि जमायचं तर मुळीच नाही! "का-का-का-" असं सुरू व्हायचं, मान वर जायची, डोळे मिटायचे, आणि अख्खी एसटी श्वास धरून बसायची. "कामठा!" एकदाचं बाहेर पडलं की काका असे खूश व्हायचे, जणू गाव त्यांनीच वसवलं होतं.

दोन हजार एकच्या सुमाराला मी कामठ्याहून गोंदियाला टायपिंगच्या क्लासला जायचे. अडखळणारी मीही होते, पण मी हुशार! अडणारा शब्द दुरूनच ओळखायचा आणि त्याला बगल द्यायची. 'क' तर माझा वैरीच. म्हणून परतताना मी आधीच्या गावाचं तिकीट काढायचे आणि तिथून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं घरी चालत यायचे. उन्हात, चिखलात, कशीही.

एक दिवस मी उतरायला उठले तर काका दारात आडवे उभे.

"तू तर का-कामठ्याची. मग इथं काऊन उतरून राहिली? कुठं जा-जायचं आहे, बोल."

मी तोंड उघडलं आणि 'क'वरच अडकले. सगळे माझ्याकडे बघत होते. काकांनी ना शब्द पुरवला, ना नजर वळवली. मागून कुणीतरी "जल्दी करो भाई" म्हणालं, तर काका म्हणाले, "लोकाईले घाई आहे, आ-आपल्याले नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी "का-का-कामठा" निघालं एकदाचं माझ्या तोंडून.

"अरे, आ-आपलीच पोरगी आहे!" काका ड्रायव्हरला ओरडून म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या गावात एसटीनं उतरले.

पुढे दादानं मला नागपूरला एका बाईंकडे बोलणं सुधारायला पाठवलं. श्वास घ्या, शब्द ओढा, लय धरा. मला जमलं! आल्या आल्या मी काकांना गाठलं आणि न अडखळता चांगली लांबलचक हकीकत ऐकवली. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"गु-गुळगुळीत बोलली. पण माह्याशी बोलून राहिली होती, का श्वास मोजून राहिली होती?"

मला राग आला. मग लक्षात आलं, काय सांगितलं तेच मला धड आठवत नव्हतं.

काका आमच्या बौद्ध समाजात लग्नंही लावायचे. माझं ठरलं तेव्हा दादाला घामच फुटला. आमच्यात नवरा-नवरी दोघांनाही माइकवर प्रतिज्ञा म्हणावी लागते.

"काका, लावणारे तुमी, नवरी ही. सांज होऊन जाईन! हिनं नुसते हात जोडले तर नाही का चालत?"

"लगन हिचं आहे ना? मग बो-बोलन पण हीच. तू फक्त जेवण ग-गरम ठेवजो."

नवरदेवानं प्रतिज्ञा एका दमात म्हटली. मग माझी पाळी. आणि नशीब बघा, प्रतिज्ञेत घ्यायचं नवऱ्याचं नाव किशोर! मी, पांढऱ्या साडीतली, "कि-" वर जी अडकले ती अडकलेच. मांडवात सगळे फुलांच्या पाकळ्या मुठीत धरून बसलेले. एवढी शांतता झाली म्हणजे प्रतिज्ञा संपली, असं पुढच्या रांगेतल्या आत्याबाईंना वाटलं. त्यांनी पाकळ्या उधळल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी उधळल्या. बँडवाल्यांनीही ढणाढणा सुरू केलं!

काकांनी माइक ओढला.

"बँ-बँ-बँड बंद करा! पोरीचं बोलून नाही झालं!"

बँड थांबला. ओशाळलेल्या आत्याबाई सतरंजीवरच्या पाकळ्या वेचू लागल्या, मग सगळ्याच बाया वेचू लागल्या. मला हसू फुटलं. किशोरही हसला. काकांनी माइक परत माझ्यासमोर धरला आणि वाट पाहत उभे राहिले, एसटीत राहिले होते तसेच. "कि-कि-किशोर" म्हणाले मी, आणि पुढचंही सगळं म्हटलं, अडखळत, माझ्या आवाजात. पाकळ्या पुन्हा पडल्या. दोनदा फुलं पडलेली नवरी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन!

रिटायर झाल्यावर काका फार दिवस राहिले नाहीत. मी खूप रडले. आताही गोंदियाहून माहेरी जाताना कंडक्टर समोर येतो आणि मी सांगते, "का-का-का-कामठा." कधी कोणी हसतं, कधी कंडक्टर घाईनं दुसऱ्याच गावाचं नाव सुचवतो. मी मान हलवते आणि पुन्हा सुरुवात करते. उतरते मात्र कामठ्यालाच.