रतनबाईचा तांब्या

१९३८, कार्तिकातली दुपार. तापीकाठचं गाव. हजर: बाळंतपणाला माहेरी आलेली मणी, तिची आई जमनाबाई, चुलीपाशी पाणी तापवणारी रतनबाई आणि मी, सरकारी दवाखान्याची नर्स. मणीचे वडील मिरचीची गाडी घेऊन नंदुरबारला गेलेले.

रतनबाई या घरी कापूस वेचायला यायची, पण पाणी प्यायची ती घरून आणलेल्या तांब्यातलं.

"रतनमाय, आमनं पानी खारं शे का?" दोन कळांच्या मध्येही मणीला चेष्टा सुचत होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "जमनाबाई, मणीच्या वेळी वार लगेच पडली होती ना?" मुलामागून वार पडली नाही, तर रक्त थांबत नाही. आईला तसं झालं असेल, तर लेकीसाठी मी इंजेक्शन आधीच भरून ठेवते.

"लगेच. काहीच तरास नही."

चुलीपाशी रतनबाईची फुंकणी थांबली.

"खोटं नका बोलू, माय. पोर मरी जाई," रतनबाई म्हणाली. "बाई, इन्ही येळे वार अडकनी व्हती. मी मरता मरता वाचनी."

"तू?" मी रतनबाईला विचारलं.

जमनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तिन्हीच शे मणी. मानमोडीनी साथमा इना बाप गया. तिनी मन्हा पदरमा टाकी. मन्हं पोट कधी पिकनंच नही."

मणी कोपरावर उठली. "आनि मले कोनी सांगं नही?"

"भांडण नंतर," मी म्हटलं. "आधी जोर कर."

सुई उकळून इंजेक्शन तयार ठेवलं. दिवस कलताना मुलगी झाली. वार अडलीच. रक्त वाहू लागताच इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं. वार पडली. सुई तेव्हा उकळायला बसले असते, तर उशीर झाला असता.

रतनबाई उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. आत यायला धजेना. मणीने माझ्याकडून पेला भरून घेतला.

"माय, आत ये. आते पानी पे. तुन्ही लेकले लेकरू व्हयनं."

लेक दिली त्या घरचं पाणी, तिला मूल होईपर्यंत आईबाप पीत नाहीत. रतनबाईने ते वीस वर्षं पाळलं होतं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. जमनाबाईंनी तो पुन्हा भरला.

तेव्हापासून मी गरोदर पोरीच्या आईला बाजूला घेऊन आधी विचारते, "पोटची का?"

त्या संध्याकाळी सामान धुतलं, नाळ पुन्हा तपासली. एक काम राहिलं: मणीला सगळं कळलं, हे तिच्या वडिलांना सांगायचं.

"तुम्हीच सांगा, बाई," जमनाबाई म्हणाल्या.

गाडी अजून आली नव्हती.